वार्निशचा वास

हैदराबाद
४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

ती. अप्पांना,

फोन केला की तुम्ही ‘हं, देतो’ म्हणता आणि फोन आईकडे देता. सहा वर्षांत तुमच्याकडून मला मिळालेले शब्द एवढेच. कागद असा मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, निदान पहिली ओळ वाचल्याशिवाय तरी नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. मी सुकन्या. तुमची मुलगी.

आधी हे सांगते की मी धडधाकट आहे. काल आमच्या विमानात धूर झाला. पेपरात चार ओळी येतील आणि शेजारचे रामहरीकाका तो पेपर घेऊन दुकानात हजर होतील. त्यांच्या तोंडी बातमी गेली की राईचा पर्वत होतो. ते विमान पाडतील, मला हातपाय मोडून दवाखान्यात घालतील आणि वर तुमचा चहा पिऊन जातील. म्हणून त्यांच्याआधी मीच सांगते.

मुंबईहून हैदराबादला येत होतो. सकाळी दहा वाजून गेले होते. डाव्या खुर्चीत कॅप्टन युवराज, उजव्या खुर्चीत मी. विमान दोघंही चालवतात, पण शेवटचा शब्द डाव्या खुर्चीचा. उजनीचं पाणी मागे पडलं होतं आणि सोलापूर माझ्या बाजूला खाली दिसत होतं. मी दर वेळी बघते. तुम्ही बोलत नाही म्हणून वरून बघायचं काही कुणी बंद करू शकत नाही. सिद्धेश्वराचं तळं ओळखू येतं, बाकी सगळं धुरकट.

मग वास आला. गरम वार्निशचा, कडवट-गोड. वार्निशात बुडवलेली विजेची मोटार भट्टीतून बाहेर काढल्यावर तुमच्या दुकानात येतो, तोच.

कॅप्टननी विचारलं, “तुला काही वास येतोय का?” मी हो म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या गुडघ्याजवळच्या फटीतून निळसर धुराची एक रेघ वर आली. उदबत्तीची असते ना, तेवढीच. घरात असती तर कुणी मान वळवून बघितलं नसतं. पण आमच्या खोलीची खिडकी उघडता येत नाही आणि बाहेर श्वास घेण्यासारखी हवाही नसते.

आम्ही मुखवटे चढवले. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत सगळं झाकणारे, आत नळीनं ऑक्सिजन येतो. आता एक गोष्ट तुम्हाला सांगते, ती मलाही सरावाच्या वेळी कधी अशी जाणवली नव्हती. मुखवटा घातल्यावर वास येत नाही. अजिबात नाही. धूर वाढतोय की विझतोय, जळतंय ते मोटारीचं आहे की तारेचं, काही कळत नाही. आपलाच श्वास भात्यासारखा कानात वाजतो. अप्पा, मी इतकी घाबरले नव्हते कधी. डोळे होते, हात होते, समोर सगळे आकडे बरोबर होते, आणि तरी आंधळं झाल्यासारखं वाटत होतं.

मुखवट्याआधी घेतलेला शेवटचा वास आठवून मी म्हटलं, “मोटार आहे. तार नाही.” कॅप्टन म्हणाले, “कशावरून?” मी म्हटलं, “माझ्या वडिलांचं सोलापुरात, भवानी पेठेत मोटार वायंडिंगचं दुकान आहे.” अशा वेळी कुणी आपल्या वडिलांचा धंदा सांगतं का? पण मी सांगितला. पायाखाली यंत्रांना गार हवा देणारे पंखे असतात. धुराच्या वेळी काय काय करायचं त्याची यादी असते, त्यात त्या पंख्यांचं बटण पहिल्या दोन-चार ओळींतच येतं. मी यादी मोठ्यानं वाचत होते, एकेक ओळ, कॅप्टन ‘केलं’ म्हणत होते. पंखा बंद केला. धुराची रेघ तुटली. पण तुटली म्हणजे विझलं का, हे सांगायला नाक नव्हतं.

म्हणून मी मागे फोन लावला. अंकिता म्हणून आमची मुख्य हवाईसेविका आहे. तिला म्हटलं, “आमच्या दाराच्या फटीशी नाक लाव आणि सांग. वास आहे?” ती म्हणाली, “आहे.” दोन मिनिटांनी परत विचारलं. “आहे, पण कमी वाटतोय.” मग पुन्हा. हैदराबादची धावपट्टी दिसेपर्यंत तेवीस मिनिटं मी तिला दर दोन मिनिटांनी तेच विचारत होते आणि एकशे बेचाळीस माणसं मागे बसून होती.

उतरलो. पंख्याचं बेअरिंग जाम झालं होतं आणि मोटार तापून जळली होती, असं इंजिनिअर म्हणाले. म्हणजे तुमच्या लेकीचं नाक बरोबर होतं. अंकिताला मात्र खोकला थांबेना म्हणून दवाखान्यात ठेवलं आहे.

आईला एवढंच सांगा की मी बरी आहे. बीपीची गोळी घेतल्यावर सांगा.

सुकन्या


हैदराबाद
६ फेब्रुवारी, गुरुवार

ती. अप्पांना,

पहिलं पत्र तुम्हाला मिळालं की नाही माहीत नाही. मिळालं असेल तर त्यात एक ठिकाणी मी तुम्हाला फसवलं आहे. ‘मग वास आला’ आणि ‘कॅप्टननी विचारलं’ या दोन वाक्यांच्या मधे तीन मिनिटं आहेत. ती मी खाल्ली.

मला वास कॅप्टनच्या आधी तीन मिनिटं आला होता. नकाशावरच्या खुणांवरून मी नंतर हिशेब लावला, तीनच, कमी नाहीत. आणि मी गप्प बसले.

का, ते सांगितलं तर आमच्या कचेरीतला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. तुम्ही ठेवाल. मला तो वास आवडला, अप्पा. खाली सोलापूर दिसत होतं, नाकात वार्निश होतं, आणि मी खुशाल दुकानात जाऊन बसले. सातवीतली मी, शाळेचं दप्तर पायाशी, आणि तुम्ही गरम मोटार चिमट्यानं धरून माझ्या नाकासमोर आणताय. “सुके, बघ गं. कच्चं का पक्कं?” वार्निश कच्चं असलं की घशात बोचतं, पक्कं झालं की करपलेल्या गुळासारखं लागतं. मी ‘पक्कं’ म्हटलं की तुम्ही मोटार बाजूला ठेवायचा, ‘कच्चं’ म्हटलं की परत भट्टीत. कधी उलट बोलला नाहीत. एवढ्याशा पोरीच्या शब्दावर मोटार भट्टीत जाते म्हणून मला केवढा अभिमान होता! वर्गात मुली गजगे खेळायच्या आणि मी बढाया मारायचे की मला अप्पा वायंडिंग शिकवतात, भावाला, मल्हारला नाही शिकवत, मला शिकवतात.

दुसऱ्या कुणाला तो वास आला असता तर तो ताडकन उठला असता. मला तो घरचा वाटला. आणि थोडं भान आलं तेव्हाही मनात काय आलं, तर कॅप्टन शेजारीच बसलेत, अठरा वर्षं विमान चालवतायत, काही असतं तर बोलले असते.

शेवटी ते बोलले. त्यांनी विचारलं, “तुला कधीपासून येतोय?” मी म्हटलं, “आत्ताच.”

हे ‘आत्ताच’ आमच्या बोलण्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात आहे. वास त्या यंत्रात जात नाही. म्हणजे मी खोटं बोलले हे जगात फक्त मला माहीत होतं.

काल ते कॅप्टनना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “सोमवारी लेखी जबाब द्यायचाय. मला दहा वाजून बारा मिनिटांनी वास आला, तुलाही तेव्हाच आला. कुणी मेलं नाही. पुढच्या महिन्यात तुझं कॅप्टनचं ट्रेनिंग लागतंय. नसती आफत ओढवून घेऊ नकोस.” माणूस वाईट नाही. माझ्या भल्यासाठीच सांगत होता. आईनं सांगितलं असेल तुम्हाला, डाव्या खुर्चीसाठी मी नऊ वर्षं वाट बघितली आहे. हे लिहून दिलं तर ती जाईल. किती दिवसांसाठी, ते कुणी सांगू शकत नाही.

आज अंकिताला बघायला गेले. तिनं बोलायला तोंड उघडलं की खोकल्याची उबळ येते. तीन मिनिटं आधी पंखा बंद झाला असता तर तिच्या छातीत धूर कमी गेला असता का? डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही.

मला तुमचा सल्ला नको आहे. तुम्ही काय सल्ला देणार? हे वाक्य खोडणार होते, पण राहू देते.

सुकन्या


हैदराबाद
९ फेब्रुवारी, रविवार

अप्पा,

उद्या जबाब. सकाळपासून तीन वेळा लिहिला. दोन वेळा ‘दहा वाजून बारा मिनिटांनी’ लिहिलं आणि एकदा ‘नऊ’. तिन्ही कागद समोर आहेत आणि चहावर साय धरली आहे.

परवाचं ते वाक्य मी का राहू दिलं, तुम्हाला कळलंच असेल. ३० मे २०१९. सहा वर्षं आपण दोघंही हा दिवस टाळून चालतो, घरात विंचू निघालेल्या कोपऱ्यासारखा. आता मी तिथं जाते. तुम्हाला यायचं नसेल तर पत्र इथंच मिटून ठेवा.

मी सुट्टीवर आले होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी विणायच्या शेडमध्ये तुम्ही नवीन वायंडिंग केलेली मोटार बसवून चालवून बघत होता. आईनं डबा दिला म्हणून मी आले. मागांचा खडखडाट इतका होता की स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तुम्ही मोटारीवर वाकला होता, हाताचा पालथा पंजा तिच्या अंगाला लावून, नेहमीसारखा. तुमचं तोंड मोटारीपासून वीतभर लांब. तुमच्या मागं शेडमध्ये कामाला असलेली गोजाबाई सुताच्या कांड्या भरत होती.

मोटार पेटली. कापसाचा धुरळा सगळीकडे असतोच, त्यानं भुर्रकन पेट घेतला. गोजाबाईनं सूत वाचवायला हात घातला. बाकी तुम्हाला माहीत आहे. तिची दोन बोटं आजही एकमेकांना चिकटलेली आहेत आणि त्या हातानं कांडी भरता येत नाही.

हवालदार आला. तुम्ही म्हणालात, “मला वास आला न्हाय, सायेब.” आणि मी, चार माणसांत, शेडच्या मालक शेठच्या देखत, तुमच्या तोंडावर म्हणाले, “खोटं बोलताय तुम्ही अप्पा. वीतभर लांबून वास आला नाही? तुम्हाला?” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. खाली बसून स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिलात. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. मी त्याच दिवशी बॅग भरली.

हे तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही ते आता लिहिते.

मला वास दारातच आला होता. वीस पावलांवरून. कच्च्या वार्निशचा, घशात बोचणारा, आणि त्याच्या मागून जळल्याचा. मी ओरडले नाही. डबा हातात धरून दारात उभी राहिले आणि मनात म्हटलं, अप्पा तिथंच आहेत, त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार? आख्ख्या सोलापुराला ज्याच्या नाकाचा दाखला देतात, त्याला पोरीनं काय शिकवायचं? मी चप्पल झटकत उभी होते, अप्पा. एक मिनिट तरी होतंच. मी ओरडले असते तर गोजाबाई उठून उभी राहिली असती.

हवालदारानं मला काही विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही. तुम्हाला लबाड म्हणाले, आणि स्वतः सहा वर्षं त्याहून मोठी लबाडी पोटात घेऊन आकाशात हिंडते आहे. आणि परवा पुन्हा तेच. डाव्या खुर्चीत मोठं माणूस आहे ना, मग मी कशाला बोलू?

मला तुमचा राग येतो, अजूनही येतो. तुम्ही त्या दिवशी ‘व्हय, आला हुता वास’ एवढं म्हणाला असता तर मीही बोलले असते. निदान मला तसं वाटतं. तुम्ही दुकानात बसून पेपर वाचायचात आणि शेजारी स्टोव्हवर दूध करपून काळं व्हायचं. आई म्हणायची, घर पेटलं तरी ह्यांचा पेपर सुटायचा नाही. तेव्हा हसायचो आपण. आता हसू येत नाही.

दुपार झाली. जेवते आणि चौथा कागद लिहिते.

सुकन्या


हैदराबाद
१२ फेब्रुवारी, बुधवार

अप्पा,

दिला. ‘दहा वाजून नऊ मिनिटांनी मला वास आला. मी सांगितलं नाही. विचारल्यावर आत्ताच आला असं खोटं सांगितलं.’ एवढ्या तीन ओळी लिहायला आठ दिवस लागले.

ट्रेनिंगच्या यादीतून नाव गेलं आहे. चौकशी होईपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही. कॅप्टन युवराज फोनवर बोलत नाहीत, ते बहुधा तुमच्याकडून शिकले.

अंकिता घरी आली आहे. तिला जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, “तीन मिनिटं आधी बोलला असता तर मी कमी खोकले असते का?” मी म्हटलं, “माहीत नाही.” ती म्हणाली, “पुढच्या वेळी आधी बोला.” मग आपल्या आईला म्हणाली, “ह्यांना चहा दे गं.” मी तिच्या घराच्या जिन्यात बसून रडले. रडले ते चहासाठी.

गोजाबाईला मी पत्र लिहू शकत नाही, तिला वाचता येत नाही. तिच्यासमोर जाऊन बसावं लागेल. त्यासाठी सोलापूरला यावं लागेल. आणि सोलापूरला आले तर तुमच्या दारावरून जावं लागेल. ते मला अजून जमत नाही.

उत्तर द्याच असं नाही.

सुकन्या


भवानी पेठ, सोलापूर
२० फेब्रुवारी

चि. सुकन्या हिला अप्पाचा आशीर्वाद.

तुजी चारी पत्रं मिळाली. तुजी आई रोज इचारती काय लिव्हलंय. मी म्हनलो इमानाचं हाय, तुला कळायचं न्हाय. मलाबी समदं कळलं न्हाय. पर त्यो मुखवटा घातल्यावर वास येत न्हाय म्हनून तू लिव्हलंस, तेवढं पान मी लई डाव वाचलं.

सुके, मला वास येत न्हाय.

तू सातवीत हुतीस तवाधरनं. एक मोटार कच्चीच दिली म्या, ती म्हागारी आली, तवा कळलं. आदी वाटलं पडसं हाय. पडसं काय वरीसभर ऱ्हातं व्हय? वार्निशचा धूर खाऊन खाऊन नाक मेलं. डाक्टरकडं गेलो न्हाय. वायंडिंगवाल्याचं नाक गेलं म्हनून पेठंत कळलं तर मोटार कोन दील? तुज्या आईलाबी बोललो न्हाय. दूध करपायचं ते पेपरामुळं न्हवं.

मग तुला जवळ बोलवाय लागलो. कच्चं का पक्कं. तुला वाटायचं अप्पा शिकिवतोय. मी इचारत हुतो.

तू इमान शिकाया गेलीस तवापास्नं अंदाजानंच चाललं हुतं. त्या शेडातली मोटार कच्ची हुती. ती म्या दिली. हात लावून बघत हुतो, गरम हाय एवढंच कळत हुतं. हवालदाराला सांगितलं ते खरं हुतं, पर अर्दंच. तू लबाड म्हनलीस तवा तोंडावर आलं हुतं की पोरी, नाक न्हाय मला. पर शेठ हुबा हुता, चार मानसं हुती. लेकीनं लबाड म्हनलं तर चालंल, पर हे कळाया नगं, आसं वाटलं बग. ह्याचं लई वाईट वाटतंय. फोनवर तुजा आवाज आयकला की तेच आटवायचं, म्हनून आईकडं द्यायचो.

तू दारात गप ऱ्हायलीस त्याचा दोष तुजा न्हाय. तुला ठावं आसतं की अप्पाला वास येत न्हाय, तर तू वरडली आसतीस. मी सांगितलंच न्हाय. इमानातलं मातूर तुजं तू बग, तितं मी न्हवतो. पर खरं लिव्हलंस ते बेस केलंस. मला जमलं न्हवतं.

काल गोजाबाईकडं गेलो. भाकरी थापत हुती. समदं सांगितलं, नाकाचं, कच्च्या मोटारीचं. तुजं न्हाय सांगितलं, ते तू सांग. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलथली, दुसरी घेतली. मी उठाया लागलो तवा म्हनली, “लेकीला ठावं हाय का ह्ये?” म्हनलो, उद्या लिव्हतो. म्हनली, “आदी तिला सांगायचं की वं.”

हितं एक मोटार हाय, दीड एचपीची. रविवारी भट्टीतनं काढली. गिऱ्हाईक रोज दारात येतंय, म्या दिली न्हाय. तुज्या आईला दावली, ती म्हनती चांगला वास हाय. चांगला म्हंजी काय? मल्हार म्हनतो द्या, कोन बगतंय.

तुला सध्या काम न्हाय म्हनलीस. तिकडची सकाळची गाडी हितं दुपारी येती. मोटार झाकून ठिवलीया. कच्ची का पक्की, तेवढं बगून जा.

अप्पा